मदत हवी आहे: सिस्टरांची शाळा आणि आमचं चर्च यांना जोडायचं कसं? (वसई)

नमस्कार मंडळी,

मी वसई धर्मप्रांतातल्या एका धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीतला समाज, म्हणजे पॅरिश) रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. माझी मुलगी गावातल्याच सिस्टरांच्या (व्रतस्थ भगिनींच्या) इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकते. शाळा आणि चर्च यांच्या मध्ये फक्त एक रस्ता आहे. तरी वर्षभरात दोघांची गाठ पडते ती स्नेहसंमेलनाला फादर पाहुणे म्हणून जातात तेव्हा, नाहीतर सणाच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) शाळेची मुलं गायला येतात तेव्हा.

ख्रिस्ती मुलांना शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला वेगळं बसवून धर्मशिक्षण देतात. ते इंग्रजीत. रविवारी आम्ही तेच धडे मराठीत घेतो, कारण आमची मिस्सा मराठी, घरातली प्रार्थना मराठी. कोण काय शिकवतंय याची दोन्हीकडे कुणालाच माहिती नाही. परवा पहिल्या कम्युनियनच्या (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या संस्काराच्या) तयारीत एका हुशार मुलाला प्रार्थना म्हणायला सांगितली. ‘नमो मरिये’ (मरियामातेची प्रार्थना) म्हणून त्याने सुरुवात केली आणि दोन ओळींत अडला. मग खाली मान घालून तीच प्रार्थना इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवली. म्हणजे त्याला प्रार्थना येते, पण संध्याकाळी आजी रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) बसते तेव्हा तिच्याबरोबर म्हणता येत नाही. मला हे फार लागलं.

वेळेचाही घोळ आहेच. खेळाचा सराव रविवारी सकाळी, म्हणजे नेमका आमच्या वर्गाच्या वेळी. पवित्र सप्ताह (ईस्टरच्या आधीचा आठवडा) आला की शाळेत वार्षिक परीक्षेची धामधूम.

धर्मप्रांताच्या शाळांत बहुधा धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरूच शाळेचे व्यवस्थापक असतात, त्यामुळे तिथे बोलणं आपोआप होतं. सिस्टरांच्या शाळेचा कारभार त्यांच्या संस्थेकडे असतो. त्यात दोन्हीकडे बदल्या होतात. फादर आणि मुख्याध्यापिका सिस्टर यांचं जरा जुळलं की एक जण दुसऱ्या गावी.

आणखी एक काळजी. शाळेत हिंदू, मुस्लिम मुलं पुष्कळ आहेत, शिक्षकही सगळे ख्रिस्ती नाहीत. आमच्या खटपटीमुळे त्यांच्यापैकी कुणालाही परकं वाटता कामा नये.

तुमच्याकडे शाळा आणि चर्च मिळून काही करतात का? सुरुवात कुणी केली, आणि फादर-सिस्टर बदलल्यावरही ते टिकलं का? कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद: निवृत्त शिक्षक

ताई, मी कॅथलिक शाळेतच नोकरी केली. तुमची शेवटची काळजी आधी घेतो. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. पण कलम २८(३) म्हणतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०२४ मध्ये शाळांसाठी सूचना काढल्या, त्यातही इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका असं सांगितलं आहे. तेव्हा धर्मशिक्षण ख्रिस्ती मुलांपुरतं, आणि पालकांची लेखी संमती घेऊन. एवढं पाळलं की सिस्टरही मोकळेपणाने बोलतील.

दुसरं, कॅनन कायद्याचं (कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या नियमसंहितेचं) कलम ९१४ वाचा. मुलांची पहिल्या कम्युनियनची तयारी होते की नाही हे पाहायची जबाबदारी आधी आईवडिलांवर आणि मग धर्मगुरूंवर टाकली आहे. शाळेचं नाव त्यात नाही. म्हणून माझं मत असं की संस्काराची तयारी चर्चनेच करावी. शाळेने तेच धडे पुन्हा घेण्यापेक्षा त्या तासाला बायबलमधल्या गोष्टी घ्याव्यात, मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. आणि प्रार्थना दोन्ही भाषांत म्हणून घ्याव्यात. तुमच्या त्या मुलाची अडचण दोन महिन्यांत सुटेल.

प्रतिसाद: गासकर

आमच्या अनुभवावरून सांगतो, बैठकीपासून सुरुवात करू नका, एखादं काम हाती घ्या. वसईत विषय तयारच आहे: संत गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला हौतात्म्य, १८६२ मध्ये संतपद. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत. त्यांच्या सणाच्या सुमारास इतिहासाच्या शिक्षकांनी सगळ्या मुलांना वसईच्या किल्ल्यात न्यावं. पडक्या चर्चच्या भिंती दाखवाव्यात, १७३९ ची चिमाजी अप्पांची मोहीमही तिथेच सांगावी. हा सगळ्या वसईकरांचा इतिहास आहे, त्याला धर्माची अट नाही. मग त्यानंतरच्या रविवारी ख्रिस्ती मुलांनी चर्चमध्ये संतांचं चरित्र मराठीत सांगावं.

सेवेचंही तसंच. तुमच्या धर्मग्रामात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी (गरिबांना मदत करणारी चर्चमधली संघटना) असेल. गरजू घरांना धान्य पोचवण्याच्या कामात शाळेतल्या कुठल्याही मुलाला हातभार लावता येतो. आमच्याकडे या कामात एक हिंदू शिक्षिका सगळ्यांच्या पुढे असतात.

आणि बदल्यांचं म्हणाल तर धुरा फादर-सिस्टरांवर ठेवूच नका. पालक-शिक्षक संघातला एक जण पॅरिश कौन्सिलवर (धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळावर) घ्या. पालक गावातच राहतात, त्यांची बदली होत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सर, कलम ९१४ माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ते घेऊन आधी फादरांना भेटते, मग आम्ही दोघं मिळून सिस्टरांकडे जाऊ. जूनमध्ये शाळेचं वेळापत्रक ठरायच्या आत चर्चच्या तारखा त्यांच्या हातात द्यायच्या आणि रविवारचा सराव वर्गानंतर ठेवायची विनंती करायची, एवढं पक्कं केलंय. गासकरदादा, किल्ल्याची कल्पना माझ्या मुलीला सांगितली तर तिने लगेच वर्गशिक्षिकांना विचारायचं ठरवलं.

अजून एक मदत हवी आहे. संमतीपत्राचा मराठी नमुना कुणाकडे आहे का? पालकांना सहज कळेल अशा भाषेतला हवा. आणि दोन भाषांतल्या प्रार्थना समोरासमोर छापलेली पुस्तिका कुठल्या धर्मग्रामाने काढली असेल तर तेही सांगा. नसेल तर आम्ही इथेच करायला घेऊ, पण मराठी पाठ तपासून द्यायला कुणी तयार आहे का?