युक्रेनियनमध्ये ‘शिकणे’ला नेमका शब्द कोणता?

प्रश्न : भाचीने यंदा विद्यापीठात युक्रेनियन घेतली आहे. पहिल्याच धड्यात ‘व्चिति’, ‘विव्चाति’ आणि ‘नाव्चातिस्या’ अशी तीन क्रियापदं आली. शब्दकोशात तिन्हींपुढे ‘शिकणे’. फरक काय? आणि ‘पारा’ म्हणजे तास का?

– शब्दकोश बरोबर आहे, मराठीच इथे ऐसपैस आहे. ‘ती युक्रेनियन शिकते’ आणि ‘ती ल्विवला शिकते’ ही दोन्ही वाक्यं आपण एकाच क्रियापदावर भागवतो. पहिल्यात विषय आहे, दुसऱ्यात ठिकाण. युक्रेनियनमध्ये हे दोन वेगळे ठेवतात. विषयाचा रीतसर अभ्यास असेल तर ‘विव्चाति’, आणि पुढे सरळ कर्म: ‘विव्चायु उक्रायिन्स्कु मोवु’. (‘मोवा’ म्हणजे भाषा, कर्म झाली की ‘मोवु’.) कुठे शिकता हे सांगायचं असेल तर ‘नाव्चायुस्या व उनिवेर्सितेती’. शेवटचा ‘स्या’ आत्मवाचक आहे. ‘नाव्चाति’ म्हणजे शिकवणे, त्याला ‘स्या’ लावला की स्वतः शिकणे.

‘व्चिति’ रोजच्या बोलण्यातलं. कविता पाठ करायची, शब्द घोकायचे, तिथे हेच. गंमत म्हणजे कर्म माणूस असेल तर याचाच अर्थ ‘शिकवणे’ होतो. मुलांना ‘व्चिति’ म्हणजे मुलांना शिकवणे, कवितेला ‘व्चिति’ म्हणजे ती पाठ करणे. आपल्याकडे ‘शिकणे’चं ‘शिकवणे’ करायला मध्ये ‘व’ घालावा लागतो, तिथे कर्म बघून अर्थ लावायचा.

भाचीला एक आवर्जून सांगा. ‘नाव्चातिस्या’पुढे भाषेचं नाव आलं तर ते षष्ठीत: ‘नाव्चातिस्या मोवि’, म्हणजे शब्दशः ‘भाषेचं शिकणं’. रशियनच्या वळणाने तिथे चतुर्थी लावणारे पुष्कळ आहेत, पण व्याकरणाचे शिक्षक ती खोडतात.

– ‘पारा’ म्हणजे जोडी. ४५-४५ मिनिटांचे दोन तास जोडून एक ‘पारा’. ‘पेर्शा पारा’ म्हणजे सकाळचं पहिलं व्याख्यान. शाळेच्या वेळापत्रकातली जोडतासिका अगदी जवळची, पण मराठीत लिहिताना मी नुसतं ‘तास’ किंवा ‘लेक्चर’ लिहीन. ‘जोडतासिकेला उशीर झाला’ असं कॉलेजातलं कोण म्हणतं?

पुढे भेटणाऱ्या ‘झालिक’ला मराठी शब्द देणं मात्र अवघड आहे. गुणांची उतरंड नसलेली, पास-नापास एवढीच चाचणी. त्यात ‘लिक’ म्हणजे मोजणी, तेव्हा ‘मोजणीत धरलं’ असा मूळ भाव. ‘टर्म ग्रँट होणे’ आठवतं खरं, पण तिथे हजेरी बघतात आणि इथे प्राध्यापक समोर बसवून प्रश्न विचारतात. परीक्षेला शब्द वेगळा, ‘इस्पित’.

– मी युक्रेनमध्ये एमबीबीएसला होते. माध्यम इंग्रजी, तरी युक्रेनियन हा विषय होताच, कारण पेशंटशी इंग्रजीत बोलून भागत नाही. मराठी कानाला सोपं गेलं ते त्यांचं ‘ह’. रशियनमध्ये जे अक्षर ‘ग’ वाचतात तेच युक्रेनियनमध्ये ‘ह’, आणि तो आपल्या ‘ह’सारखाच घोष, म्हणजे स्वरतंतू कंपून निघणारा. म्हणून ‘लुगान्स्क’ नव्हे, ‘लुहान्स्क’. ‘ग’साठी वेगळं अक्षर आहे. सोव्हिएत काळात १९३३च्या लेखनसुधारणेत ते वर्णमालेतून काढलं, १९९०मध्ये परत आलं. शब्द मोजकेच, पण वर्णमाला म्हणताना ते गाळलं की बाई थांबवायच्या.

– बाईंना हाक कशी मारायची, तेही विचारून ठेवा. शाळेतली ती ‘व्चितेल्का’, विद्यापीठातली ‘विक्लादाच्का’. मास्तर आणि प्राध्यापक इतकं ते अंतर आहे. हाक मारताना नाव आणि पित्याच्या नावावरून आलेलं दुसरं नाव, दोन्ही संबोधन विभक्तीत: ओक्साना पेत्रिव्ना असतील तर ‘ओक्सानो पेत्रिव्नो!’ आपल्या ‘मुलांनो’मधला ‘ओ’ आठवला तर चुकणार नाही. पुरुषांना ‘पाने प्रोफेसोरे’. रशियन शिकून आलेल्यांचा पाय इथेच अडखळतो, कारण त्या भाषेत ही विभक्ती जवळजवळ उरलेली नाही.