खुलते, शोभते की उठून दिसते? साडीच्या कॅप्शनसाठी विचारायलेय

परभणीला वहिनीचं साड्यांचं दुकान आहे, इन्स्टाचं पेज मी बघते. वहिनी म्हणते 'शोभून दिसते' लिही, मला 'खुलते' बरं वाटतं आणि दुकानातला पोरगा प्रत्येक फोटोखाली 'उठून दिसते' ठोकून देतो. तिन्हीचा अर्थ एकच धरायचा का?

लातूरकर: एकच कसा ओ. खुलतो तो रंग, नाहीतर चेहरा. चिंतामणी कलर अंगावर खुलतो म्हणलं की बाई मनातल्या मनात आरशासमोर उभी राहते. उठून दिसायला मागं काहीतरी दबलेलं लागतं, म्हणजे काळ्या चंद्रकळेवर जरीचा काठ उठून दिसतो, पण आख्खी साडीच उठून दिसते म्हणलं तर आमची आई पहिलं विचारणार, लई भडक आहे का? शोभणं जरा जपून वापरा, त्यात माप काढल्यासारखं येतं, 'शोभतं का तुला हे' म्हणूनच आपण पोरांना रागावतो. 'बारशाला शोभेल' चालतंय. 'पन्नाशीच्या बायकांना शोभेल' लिहिलं तर पन्नाशीची तर येत नाहीच, चाळिशीचीबी पुढं सरकते. आणि ते 'सावळ्या रंगावरसुद्धा खुलते' लिहितात ना, त्यातलं 'सुद्धा' आधी काढा, त्या एका शब्दात गिऱ्हाईक जातं.

बीडची ताई: 'ही साडी घाला' नका लिहू बाई. साडी नेसतात, ड्रेस घालतात, ओढणी घेतात, फेटा बांधतात. 'वेअर करा' तर नकोच.

पैठणवाला: माझं एक. यंत्रमागाच्या साडीला नुसतं 'पैठणी' लिहू नका, पैठणीला 2010 ला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि बाजारात 'सेमी पैठणी' हा शब्द सगळ्यांना कळतो, लिहायला लाज कसली. हातमागाची असली तर पदर उलटा करून फोटो टाका, मोर दोन्हीकडून सारखाच दिसतो, मागं धागे लोंबत नाहीत. मग 'अस्सल', 'ओरिजनल', 'शंभर टक्के' काहीच लिहावं लागत नाही.

मूळ प्रश्नवाली: भारी सांगितलं सगळ्यांनी. इन्स्टावर 2200 अक्षरं बसतात पण खालचं 'more' दाबल्याशिवाय सुरुवातीचंच थोडं दिसतं, म्हणून आटोपशीर केलंय: "चिंतामणी रंग, नेसल्यावर खुलतो. जरीकाठ उठून दिसतोय. लांबी 6.30 मीटर, ब्लाउज पीस धरून." किंमत वहिनी टाकू देईना, म्हणते किंमत कळल्यावर दुकानात कामून येतील.

लातूरकर: किंमत टाकाच. नाहीतर खाली 'डीएम फॉर प्राइज' लिहावं लागतं अन् लोकांना वाटतं बक्षीस वाटायलेत.