मदत हवी आहे: क्यूटीमध्ये विंडोजवर फाइल सेव्ह होत नाही

गावच्या वाचनालयासाठी क्यूटी 5.15 (खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम बनवायची लायब्ररी) आणि सी++ वापरून पुस्तकांच्या नोंदींचा छोटा प्रोग्रॅम केलाय. नोंदी एका सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) राहतात. माझ्याकडे लिनक्स, वाचनालयात विंडोज 10.

मराठी अक्षरांचा घोळ सुटलाय: मजकूर लिहिणाऱ्या क्यूटेक्स्टस्ट्रीमला यूटीएफ-8 कोडेक दिला, एक्सेलसाठी बीओएम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंग ओळखायची खूण) लिहिला, आता जोडाक्षरंही नीट दिसतात. अडलंय सेव्ह करताना. वीज गेली तर अर्धवट फाइल उरू नये म्हणून थेट फाइलवर लिहिणाऱ्या क्यूफाइलऐवजी क्यूसेव्हफाइल घेतलं; ते आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितं आणि शेवटी कमिट केलं की ती मूळ फाइलच्या जागी ठेवतं. लिनक्सवर सगळं सुरळीत. विंडोजवर तीच फाइल एक्सेलमध्ये उघडी असली की ओपन आणि राइट बिनतक्रार होतात, पण कमिट फॉल्स देतं, म्हणजे फसतं. तात्पुरती फाइलही पुसली जाते. कमिट काय उत्तर देतं ते मी तपासत नव्हतो, त्यामुळे ग्रंथपालताईंच्या एका दुपारच्या 40 नोंदी गेल्या. ते फार लागलंय मनाला.

डायरेक्ट-राइट-फॉलबॅक (थेट मूळ फाइलवर लिहायचा पर्याय) चालू करून पाहिला, फरक नाही. तो तात्पुरती फाइल बनतच नसेल तेव्हाच कामी येतो. फोल्डरच्या परवानग्या ठीक आहेत, एक्सेल बंद केलं की लगेच सेव्ह होतं. अँटिव्हायरस बंद करूनही तेच.

एक्सेल बंद करा असं दर वेळी सांगणं शक्य नाही, ताई त्यातूनच यादी छापतात. डेटाबेसकडे एवढ्यात जाता येणार नाही. दोन्हीकडे एकच कोड चालावा.

कमिट फसलं तर त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने सेव्ह करून नंतर मूळ फाइल बदलणं सुरक्षित आहे का, की फाइल दुसऱ्याने धरून ठेवलीय हे आधीच ओळखायची क्यूटीत काही सोय आहे?