मदत हवी आहे: मानवी प्रतिष्ठा रोजच्या वागण्यात कशी आणायची?

आमच्या चर्चच्या ग्रुपमध्ये सध्या कॅथलिक चर्चची सामाजिक शिकवण वाचतोय, पोप लिओ तेरावे यांचं १८९१ चं रेरुम नोवारुम हे कामगारांच्या स्थितीवरचं पत्र वाचून झालं, आता पोप जॉन पॉल दुसरे यांचं १९८१ चं लाबोरेम एक्झर्सेन्स हे मानवी कामावरचं पत्र चालू आहे. काम माणसासाठी असतं, माणूस कामासाठी नाही, हे वाचून मी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसात फोनवर बोलत बोलत सरळ ओल्या लादीवरून गेले. पुसणाऱ्या मावशींनी काही न बोलता पोछा बाजूला घेतला, आणि मी गेल्यावर माझ्या चपलांचे ठसे परत पुसले. चार वर्षं रोज बघते त्यांना, नाव माहीत नाही! विचारायचं म्हटलं तर आता इतक्या दिवसांनी कसं विचारू असं होतं, आणि उगाच दया दाखवल्यासारखं पण नको वाटायला.

शिवाय नुसतं गोड बोलून भागत नाही ना, लिओंनी तर कामगाराचं घर चालेल एवढ्या मजुरीचा मुद्दा मांडलाय. त्या कंत्राटी आहेत, पगार माझ्या हातात नाही, मग मी नक्की कुठे बोलू? कोणी आपल्या ऑफिसात असं काही केलंय का, सुरुवात कशी केलीत ते सांगा प्लीज.