बास गिटार: आधी स्केल की आधी टॅब?

खर्ज, नांदेड
मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं. बास शिकणाऱ्यानं पहिले सहा महिने टॅब, म्हणजे कुठल्या तारेवर कितवा फ्रेट (मानेवरची धातूची आडवी कांब) दाबायचा त्याच्या आकड्यांचा कागद, उघडूच नये. भजनी मंडळ असो की जयंतीचा ऑर्केस्ट्रा, आपल्याकडं गायक ऐनवेळी पट्टी बदलतो. तालमीत पेटीची काळी दोन, स्टेजवर घसा बसला की काळी एक. टॅबवाला तिथंच गार पडतो, कारण त्यानं आकडे पाठ केलेले असतात, स्वर नाही. त्यापेक्षा मेजर स्केलचा, म्हणजे सगळे स्वर शुद्ध असलेल्या सारेगमपधनीसाचा, हा एक साचा हातात बसवा:

जी |-----------------|
डी |----------२-४-५--|
ए |----२-३-५--------|
ई |३-५--------------|

ही जी मेजर, म्हणजे जी हा सा. डावीकडं तारांची नावं (ई सगळ्यात जाड), आकडे फ्रेटचे. डाव्या हाताची बोटं अशी: मधलं, करंगळी, तर्जनी, मधलं, करंगळी, तर्जनी, अनामिका, करंगळी. उघडी तार कुठंच नाही, म्हणून अख्खा साचा जसाच्या तसा सरकतो. एक फ्रेट वर नेला की काळी चार. ए तारेच्या चौथ्या फ्रेटवरून धरला तर काळी एक, सहाव्यावरून काळी दोन.

जाडतार, लातूर
टॅब उघडू नका म्हणता आणि पहिल्याच पोस्टात टॅब काढून दाखवता, हे भारी आहे!

नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचं स्वरलेखन, ‘सी’ हा स्वर लिहून मोकळं होतं. पण तो सी ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आहे आणि ई तारेच्या आठव्यावरही. स्वर तोच, आवाज वेगळा: जाड तारेवर गोल आणि दबका, बारीक तारेवर उघडा. कुठला घ्यायचा ते टॅब सांगते. दोष आहे तो लयीचा. साध्या टॅबमध्ये स्वर किती वेळ धरायचा आणि कुठं थांबायचं हे नसतं. त्यावर उपाय आहे. गाणं लावून पायानं ठेका धरा, टॅबच्या ओळीखाली ‘१ अन् २ अन् ३ अन् ४ अन्’ लिहा आणि प्रत्येक आकडा त्याच्या मात्रेखाली आणा. उघड्या तारेचा शून्य दिसला तर बदलून टाका: उघडी ए म्हणजे ई तारेचा पाचवा फ्रेट, उघडी डी म्हणजे ए तारेचा पाचवा. पट्टी बदलली तर सगळे आकडे तेवढ्यानंच पुढंमागं करायचे. यात अडकण्यासारखं काय आहे?

खर्ज
स्टेजवर कागद घेऊन बेरीज-वजाबाकी करणार का? आणि फुकटच्या टॅबचं काय? निम्म्या जणांना मूळ गाणं अर्धा स्वर खाली ट्यून केलंय हेच कळलेलं नसतं. दुसऱ्या फ्रेटवरून एकदम दहाव्यावर उडी दाखवतात, जिथं शेजारच्या तारेवर तोच स्वर हाताशी असतो.

चौतीस_इंच, बीड
दोघांनीही हाताचा विचार केलेला नाही. ३४ इंची (तारेची लांबी) बासवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत जवळपास १३ सेंमी अंतर असतं, पाचव्यापासून आठव्यापर्यंत साधारण १०. नवख्याला खालच्या फ्रेटवर ‘एका फ्रेटला एक बोट’ करायला लावलं की मनगट वाकडं होतं आणि करंगळी आखडते. वरचा साचा आधी ई तारेच्या आठव्या फ्रेटवरून, म्हणजे सी मेजरमध्ये, बसवा. खाली आल्यावर डबल बासवाले करतात तसं तर्जनी, मधलं आणि करंगळी एवढंच वापरा. अनामिका करंगळीला आधार देईल. चौथ्या फ्रेटपर्यंत ताण देण्याऐवजी हातच सरकवा.

दुसरं, उजवा हात. ई तार सोडून ए तारेवर गेलात की पिकअपवरचा (तारांखालची आवाज पकडणारी पेटी) अंगठा ई तारेवर टेकवा. नाहीतर ती मागं घुमत राहते आणि साउंडवाला उगं तुमचा बास कमी करतो.

कोमल_निषाद, परभणी
मोड राहिलेच, म्हणजे मेजर स्केलचेच सात स्वर दुसऱ्या स्वराला सा धरून वाजवायचे साचे. डोरियन, मिक्सोलिडियन ही नावं घोकण्यात वेळ कामून घालवायचा? आपल्याकडं थाट, म्हणजे रागांचे सात स्वरांचे साचे, आहेत. आयोनियन म्हणजे बिलावल, डोरियन म्हणजे काफी, फ्रिजियन म्हणजे भैरवी, लिडियन म्हणजे कल्याण, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, एओलियन म्हणजे आसावरी. उरला लोक्रियन, त्यात पंचमच उतरलेला, त्याला आपल्याकडं थाट नाही. पेटी शिकलेल्या पोराला हे दहा मिनिटांत कळतं.

जाडतार
स्वर तेच, हे मान्य. पण थाट म्हणजे राग नाही, आणि गायक राग गातो. खमाजात चढताना शुद्ध निषाद येतो, उतरताना कोमल. मिक्सोलिडियनचा साचा डोळे झाकून वाजवला तर गायकाच्या शुद्ध नीखाली तुमचा कोमल नी वाजणार, आणि खालच्या सप्तकात ती टक्कर जास्तच गढूळ ऐकू येते. अशा जागी सा-पवर राहा. पंचम पुढच्या तारेवर दोन फ्रेट वर, वरचा सा त्याच फ्रेटवर त्याच्याही पुढच्या तारेवर.

मोडचा उपयोग कुठं होतो? कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) पटापट बदलत असतील तर नाही. डी मायनर, जी सेव्हन, सी अशी चाल असेल तर तिन्ही ठिकाणी सी मेजरचेच सात स्वर. दर मात्रेला नवं नाव देऊन उपयोग शून्य. पण आठ-आठ बार (ठेक्याची आवर्तनं) नुसता डी मायनर चालला तर सहावा स्वर बी की बी फ्लॅट, यावर गाण्याचा रंग ठरतो. बी घेतला तर डोरियन, बी फ्लॅट घेतला तर एओलियन.

कोमल_निषाद
म्हणजे काफीचा शुद्ध धैवत आणि आसावरीचा कोमल. मी तेच म्हणलं.

नवा_हात, जालना
वाद वाचला. रोज अर्धाच तास मिळतो, काय करू?

चौतीस_इंच
दहा मिनिटं साचा, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोके, एका ठोक्याला एक स्वर. उजव्या हातानं तर्जनी-मधलं, तर्जनी-मधलं, चुकता कामा नये. फ्रेटच्या अगदी मागं दाबा. मधोमध दाबलं तर तार खरखरते आणि जोरही जास्त लागतो. नीट जमलं की चारानं वाढवा. उरलेली वीस मिनिटं एकच गाणं. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका: उघडी ई तार ४१ हर्ट्झला बोलते, तेवढं खालचं त्या स्पीकरला झेपत नाही, मग तुम्ही भलताच स्वर शोधत बसता. हेडफोन लावा.

खर्ज
आणि गाणं कानानं बसवा. टॅब नंतर, फक्त ताडून बघायला.

जाडतार
चार बार कानानं काढून बघ, अडलास की टॅब उघड. यांच्या सहा महिन्यांची वाट बघू नकोस.