अमाप संपत्तीला मर्यादा असावी का? ज्यांनी ती जवळून पाहिली त्यांचे अनुभव

देशातील सर्वांत श्रीमंत १ टक्का लोकांकडे २०२२-२३ मध्ये एकूण संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता, असा ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब’चा अंदाज आहे. असा आकडा आला की श्रीमंतांवर जबर कर लावावा की नाही हा वाद नव्याने सुरू होतो, आणि असा कर जणू आपल्याकडे कधी लावून पाहिलेलाच नाही अशा थाटात तो वाद चालतो. वास्तविक इस्टेट ड्यूटी, म्हणजे मृताच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवरचा कर, १९५३ ते १९८५ होती, संपत्ती कर १९५७ पासून २०१५ पर्यंत होता, आणि गावोगाव ज्याला नुसते ‘सीलिंग’ म्हणतात तो शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा महाराष्ट्रात १९६१ पासून आहे. ज्यांनी हे कायदे राबवले, सोसले, चुकवले किंवा ज्यांना त्यांतून काही मिळाले, त्यांनी स्वतः पाहिलेले लिहावे. बाजू घेतली तरी हरकत नाही.

निवृत्त आयकर अधिकारी

माझी काही वर्षे संपत्ती कराच्या टेबलावर गेली. ३१ मार्चला मालकीची जी मालमत्ता असेल तिच्यातून तिच्यापोटीचे कर्ज वजा करायचे आणि सुरुवातीला १५ लाख, पुढे ३० लाख या मर्यादेवरील भागावर १ टक्का कर घ्यायचा, इतका सोपा हिशेब होता. अडचण होती ती मालमत्ता कशाला म्हणायचे याची. १९९२ च्या सुधारणेने दागिने, मोटारी, नौका, शहरातील मोकळी जमीन, दुसरे घर, ५० हजारांवरील रोकड असे काही प्रकार तेवढे करपात्र ठेवले. शेअर उत्पादक गुंतवणूक म्हणून वगळले गेले.

एकाच आठवड्यात माझ्यासमोर आलेल्या दोन फायली मला अजून आठवतात. पहिली एका विधवा बाईंची. सासूकडून आलेले सोने आणि एक मोकळा भूखंड एवढीच त्यांची मालमत्ता. मूल्यांककाने पाटल्या, गोठ, तन्मणी यांची वजनासह यादी दिली होती आणि तिच्याखाली बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते, ‘यांपैकी एक पाटली हरवली आहे, सापडल्यास कळवीन.’ त्यांचा कर भरून झालेला होता. दुसरी फाईल एका उद्योजकाची. त्यांच्या नावावर कित्येक कोटींचे शेअर होते आणि करपात्र संपत्ती शून्य. दोन्ही विवरणपत्रे कायद्याप्रमाणे अचूक होती, त्यामुळे दोन्हींवर मी सारख्याच सह्या केल्या.

२०१३-१४ मध्ये या कराचे देशभरातले उत्पन्न १,००८ कोटी रुपये होते. २०१५ मध्ये तो रद्द करून १ कोटीवरील उत्पन्नाला २ टक्के जादा अधिभार लावला आणि त्यातून सुमारे ९,००० कोटी अपेक्षित धरले. खात्याच्या दृष्टीने हा शहाणपणाचा सौदा होता, हे मी मान्य करतो. मात्र अधिभार उत्पन्नावर बसतो. दुसऱ्या फायलीतील गृहस्थ शेअर विकत नाहीत, ते तारण ठेवून कर्ज काढतात, आणि कर्ज हे उत्पन्न नव्हे.

एका फाउंड्रीमालकाचा मुलगा

वडील १९७६ मध्ये गेले. इस्टेट ड्यूटीचा वरचा दर त्या वेळी २० लाखांपुढील भागाला ८५ टक्के होता. आमची इस्टेट त्या टप्प्याच्या जवळपासही नव्हती, पण जी होती ती भट्टी, साचे आणि शेड यांत अडकलेली. शिवाय फाउंड्रीच्या नावलौकिकाचीही किंमत धरली गेली. हप्ते बांधून मिळाले, परंतु त्यांवर व्याज होते. अखेर आईने राहते घर विकले. १९८५ मध्ये ही ड्यूटी रद्द करताना अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तिचे उत्पन्न जेमतेम २० कोटींच्या घरात असून वसुलीचा खर्च त्या मानाने जास्त असल्याचे सांगितले. ते वाचून आईने वर्तमानपत्र घडी घालून ठेवले आणि त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही. मी या कराच्या विरोधात आहे, आणि माझा विरोध तर्कापेक्षा त्या घडीतून आला आहे, हे मला माहीत आहे.

एका नव्या कंपनीचा सहसंस्थापक

माझ्या कंपनीची कागदावरची किंमत एका वर्षात निम्म्यावर आली. आदल्या मार्चच्या किमतीवर मी कर भरला असता, तर पुढच्या मार्चला तो मला कोणी परत केला असता का?

वकिलांकडे दस्त तयार करणारी

अर्थसंकल्प जवळ आला की आमच्याकडे खासगी ट्रस्टचे मसुदे वाढतात, कारण वारसा कर परत येणार अशी कुजबुज दर वर्षी असते. मसुद्यात लाभार्थी म्हणून अजून न जन्मलेल्या नातवंडांचीही सोय असते. मालमत्ता देणाऱ्याची राहत नाही, घेणाऱ्याचा हिस्सा ठरलेला नसतो, आणि तरी तीच माणसे त्याच घरात राहतात. कर अस्तित्वात नाही, पण त्यातून सुटण्याची तयारी झालेली आहे. श्रीमंताने आपली संपत्ती समाजाची ठेव म्हणून सांभाळावी, या अर्थाचा गांधीजींचा ‘विश्वस्त’ हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा टाइप करते. त्यांच्या मनातला विश्वस्त मला अजून भेटायचा आहे.

सीलिंगमध्ये जमीन गेलेल्यांची नात

१९७५ च्या सुधारणेनंतर पाच जणांच्या कुटुंबाला बारमाही बागायत १८ एकर किंवा कोरडवाहू ५४ एकर, अशी मर्यादा आली. २६ सप्टेंबर १९७० नंतरच्या वाटण्या धरल्या जाणार नव्हत्या, त्यामुळे आजोबांनी १९७२ मध्ये केलेली वाटणी वाया गेली. चुलत आजोबांनी ती १९६८ मध्येच उरकलेली होती. मर्यादा असावी असे माझे मत आहे, जे घरात मला मोठ्याने म्हणता येत नाही. खुपते ते इतकेच की आजोबांनी जमिनीऐवजी शेअर घेऊन ठेवले असते, तर त्यांना कोणी मोजायला आले नसते. शहरी जमिनीवर १९७६ मध्ये मर्यादा आली, तीही महाराष्ट्राने २००७ मध्ये काढून टाकली.

सीलिंगची जमीन मिळालेल्यांचा मुलगा

वरच्या ताईंचे वाचून लिहितो. सीलिंगमध्ये काढून घेतलेल्या जमिनीतली साडेतीन एकर माझ्या वडिलांना मिळाली. कोणती जमीन राखायची हे मूळ मालकाने ठरवायचे असल्यामुळे आमच्या वाट्याला डोंगराकडची मुरमाड आली. आम्ही भावंडांनी वेचलेल्या दगडांची रास बांधावर अजून कमरेएवढी आहे. तरीही त्याच रानावर सोसायटीचे पहिले कर्ज मिळाले आणि बहीण नर्सिंग शिकली, म्हणून हा कायदा फसला असे मी म्हणणार नाही.

सातबाऱ्यावर मात्र आम्ही आजही ‘भोगवटादार वर्ग २’ आहोत. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ही जमीन विकता येत नाही. धाकट्या भावाच्या उपचारासाठी गेल्या वर्षी एक एकर विकण्याची परवानगी मागितली, तेव्हा वाटपाचा मूळ आदेश जोडा असे सांगण्यात आले. तो वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत, घड्यांवर फाटलेला सापडला. चिकटपट्टी लावून त्याची झेरॉक्स काढली आणि जोडली. अर्ज अजून वर गेलेला नाही.