'गाडी इथंच लावा दादा, पुढं नाय जायची' : पायथ्याच्या गावापर्यंतच्या रस्त्यांचे अनुभव

डोंगरउनाड

गडांवर आणि घाटवाटांवर लिहिणारे भरपूर आहेत. वर टाकी किती, दरवाजा कुठल्या दिशेला, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, सगळं मिळतं वाचायला. पण हायवे सोडल्यापासून ते बुटाची लेस बांधून पहिलं पाऊल टाकेपर्यंत जे काय घडतं ते सगळेजण 'सकाळी सातला पायथ्याला पोचलो' एवढ्यात उरकतात, आणि माझ्या मते अर्धा ट्रेक तर तिथंच झालेला असतो. म्हणून हा धागा काढतोय. तुमचा रस्ता सांगा, गाडी सांगा, एसटी सांगा, कोणी लिफ्ट दिली कोणी नाही ते सांगा. अट एकच, चालायला लागलात की थांबायचं, गडाचं वर्णन नको :)

सुरुवात माझ्यापासून. राजमाची. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या वरनं पायथ्याच्या उधेवाडीला जातो तो १५-१६ किलोमीटरचा रस्ता. हिवाळ्यात जीपवाले आरामात नेतात, पण एकदा का जूनचा पाऊस लागला की त्या रस्त्याचाच ओढा होतो, म्हणजे अक्षरशः, चाकाच्या दोन्ही चाकोऱ्यांमधून पाणी वाहत असतं आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. आम्ही बाईकवर होतो. मागे बसलेल्यानं दर चढाला उतरायचं, चालत वर यायचं, परत बसायचं. उधेवाडीत पोचेपर्यंत तो म्हणाला मी चालतच आलोय, तू फक्त बाईक फिरवायला आणलीस. ज्यांना हे नको त्यांनी कर्जतकडून कोंदिवड्याला यावं, तिथपर्यंत रस्ता बरा आहे, पुढं कोंढाणे लेण्यांवरून खडा चढ आहे पण निदान गाडीची काळजी नाही.

लाल_डबा

एसटीचं कोणीतरी लिहायलाच पाहिजे म्हणून लिहितो. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईला मी नेहमी राजूरहून जातो, स्वतःची गाडी असूनही. संध्याकाळच्या गाडीला बाजार करून परत निघालेली सगळी मंडळी, मधल्या पॅसेजमध्ये तेलाचे डबे, युरियाची गोणी, एक कोंबडी पिशवीत फक्त डोकं बाहेर काढून. माझी सॅक कुठं ठेवायची हा प्रश्न सगळ्या बसनं मिळून सोडवला. एक आजी म्हणाली ठेव माझ्या पायापाशी, तेवढीच ऊब.

मग काळोखात ती वळणं. ड्रायव्हरमामा एका हातानं स्टिअरिंग फिरवत दुसऱ्या हातानं काचेवरची वाफ पुसतायत, कंडक्टर मागून ओरडतोय 'डावीकडं दाबा, डावीकडं', आणि शेजारचा माणूस शांतपणे घोरतोय. गाडीतल्या गाडीत सगळी माहिती मिळते, ओढ्याला पाणी किती, गडाच्या तारामती शिखरावर ढग आहेत का, कोणाच्या घरी जेवण मिळेल. स्वतःच्या गाडीनं गेलात तर हे विचारायला गावात चार दारं ठोकावी लागतात. वेळापत्रक मात्र राजूर स्टँडवर विचारूनच घ्या, ते पावसाळ्यात बदलतं.

सह्यवारा

मोहरी. याच्यापुढं बाकीचे रस्ते मला हायवे वाटतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लिंगाण्याचा सुळका समोरून बघायचा तर रायलिंगच्या पठारावर जावं लागतं आणि त्याचं पायथ्याचं गाव मोहरी. पायथ्याचं म्हणायचं खरं पण हे गाव घाटमाथ्यावरच आहे, कडा संपला की खाली सरळ कोकण. वेल्ह्याहून भट्टी, पासलीवरून केळदच्या खिंडीत यायचं, तिथून सरळ गेलं की केळद आणि मढे घाट. आपण उजवीकडं वळायचं. कुसारपेठ, एकल, सिंगापूर आणि मग मोहरी. खिंडीपर्यंत डांबर असतं म्हणून लोकांना जोर येतो. त्यानंतर कुठं मुरूम, कुठं नुसती खडी, कुठं काँक्रीटचा एक पट्टा अचानक सुरू होऊन अचानक संपतो आणि संपतो तिथं अर्धा फूट पायरी.

आम्ही ट्रॅक्स जीप ठरवली होती वेल्ह्यातनं, ड्रायव्हर तिथलाच. त्यानं एकलच्या चढाआधी गाडी थांबवली, खाली उतरला, रस्त्यावर दहा पावलं चालून आला, एक दगड उचलून बाजूला टाकला, मग बसला आणि पहिल्या गिअरमध्ये एका दमात वर काढली. मी विचारलं दर वेळी उतरून बघता का, तर म्हणाला रस्ता कालचा नसतो हो, रोज नवा असतो.

वर पोचलो तर पुढं एक पांढरी सेडान आडवी. आतली पोरं कंपनीतली दिसत होती, चेंबर फुटलेला, खाली ऑइलचं थारोळं. त्यांच्यातला एकजण मोबाईल डोक्यावर धरून रेंज शोधत फिरत होता. तिथं रेंज कसली? सिंगापूरकडनं एक काका आले, खांद्याला कोयता, पायात टायरच्या चपला. ते आधी काहीच बोलले नाहीत. गाडीखाली आडवे झाले, बोट लावून चीर कुठंय ते बघितलं, बाहेर येऊन हात गवताला पुसले आणि म्हणाले, 'चालू करू नका, नायतर इंजिन जाईल. ट्रॅक्टर आणतो.' ट्रॅक्टर आला दीड तासानं. तोपर्यंत काकांच्या घरून कोरा चहा आला, सगळ्यांना, आम्हालाही, आमचा काही संबंध नसताना. पोरं पैसे द्यायला लागली तर काकांनी डिझेलचे तेवढे घेतले.

पुढं मोहरीत ओसरीवर झोपलो. पहाटे पठाराच्या टोकाला गेलो आणि समोर तो लिंगाण्याचा सुळका, त्याच्या मागं रायगड, जगदीश्वराचं देऊळ नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतं... अट मोडली, माफी, थांबतो.

उंबरठा

बायकांच्या बाजूनं कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते, थोडं स्पष्ट. पहाटे चारला बस पायथ्याच्या गावात पोचते आणि लीडर म्हणतो 'फ्रेश होऊन घ्या'. कुठं? पुरुष चार पावलं लांब जातात. आम्ही सातजणी टॉर्च घेऊन उभ्या.

ढवळे घाटाच्या वेळची गोष्ट. पोलादपूरहून कापडे, उमरठवरून ढवळे गावात गेलो. उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे ते. तिथून पुढं रस्ता अरुंद होत जातो आणि आमची मिनीबस एका साकवावर अशी काही वाकडी झाली की सगळ्यांनी उतरून घेतलं आणि शेवटचं अंतर अंधारात चालतच गेलो. गावात एका घरात दिवा लागला, मावशी बाहेर आल्या, एकदा आमच्याकडं बघितलं आणि कोणी काही न बोलता म्हणाल्या 'या गं पोरींनो, मागच्या अंगाला आहे, पाणी भरून ठेवलंय.' विहिरीवरून ओढून आणलेलं पाणी होतं ते, नळ नव्हता. आम्ही दोन कळश्या परत भरून ठेवल्या, त्या नको नको म्हणत होत्या. आता जिथं जाईन तिथं आदल्या दिवशी फोन करून ज्यांच्याकडं नाष्टा सांगते त्यांनाच हेही विचारून ठेवते, आणि त्याचे पैसे वेगळे देते. लीडर लोकांनी हे ठरवूनच यायला हवं खरं तर.

आणखी एक, हा घाट चढून माणूस निघतो थेट महाबळेश्वरला आर्थर सीटवर. गाडी मात्र ढवळ्यात. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा की त्यानं पोलादपूरला मागं जाऊन आंबेनळी घाटानं वर यायचंय, आणि त्याचा जेवणाचा डबा त्याच्याकडंच ठेवा. आमच्या ड्रायव्हरदादांचा डबा चुकून आमच्या सॅकमधून घाटातल्या बहिरीच्या घुमटीपर्यंत फिरून आला, ते दिवसभर उपाशी. फार वाईट वाटलं.

आवणीवाला

मी वाचतोच फक्त, आज लिहितो. माझं गाव भंडारदरा धरणाच्या पल्याडच्या अंगाला आहे, नाव सांगत नाही. तुम्ही सगळे ज्याला 'खराब रस्ता' 'थरार' म्हणता ना त्या रस्त्यानं माझ्या आत्याला बाळंतपणाला नेलं होतं. रस्ता तरी कसला, आधी डोलीत, मग जीपमध्ये. धरण १९२६ ला झालं, इंग्रजांच्या काळात, पाणी खाली गेलं शेतीला, आणि आमच्या लोकांना पाण्याला वळसा घालून जायला लागायचं नाहीतर होडी. रतनवाडीला कित्येक वर्षं होडीनंच जात होते लोक. आमच्याकडं पाऊस किती तर घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, केलेला रस्ता दोन पावसाळे टिकत नाही.

रस्ता झाला तर ट्रेकर म्हणतात मजा गेली. आमची नाही गेली. पोरगी आता गाडीवर कॉलेजला जाते.

राग नाही तुमच्यावर, आमच्या घरचं पण पर्यटनावर चालतं, सांधण दरीच्या सीझनला माझा भाऊ गाईड असतो, वहिनी भाकऱ्या करती. पण मे संपता संपता काजवे सुरू झाले की शनिवारी रात्री काय होतं ते येऊन बघा. एकेरी रस्ता, दोन्ही बाजूनं गाड्या, मुक्कामी एसटी मध्येच अडकलेली, तिच्यात आमची म्हातारी माणसं. काजवे असतात हिरड्यावर, सादड्यावर, बेहड्यावर, अख्खं झाड एकदम पेटतं आणि विझतं, त्याच्यासाठी अंधार लागतो. लोक येतात आणि झाडावर हेडलाईट मारतात. मग म्हणतात दिसले नाहीत! तर एवढंच, गाडी रस्त्यात लावू नका, खळ्यात लावा, विचारून. कोणी नाही म्हणणार नाही. आणि लाईट बंद करा.

डोंगरउनाड

दादा, लिहीत जा. धाग्यात हेच यायला हवं होतं.

कर्नाळाकर

वरचं वाचून इर्शाळवाडी आठवली. चौक गावाहून नानिवलीपर्यंत गाडी, तिथून चालत वाडी आणि मग इर्शाळगड. वाडीला गाडीरस्ता नव्हताच, आम्ही त्याचं कौतुक करायचो, किती शांत म्हणून, तिथल्या घरात बसून भाकरी खायचो. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली तेव्हा जेसीबी वर जाऊ शकला नाही, फावड्या-कुदळींनी माती काढावी लागली भर पावसात. आमच्यातले काहीजण गेले होते मदतीला. मी जास्त लिहू शकत नाही यावर.

बर्फाळ_पुणेकर

महाराष्ट्राबाहेरचं चालेल ना? उत्तराखंडातलं हर की दून. डेहराडूनहून सकाळी निघून पुरोला, मोरी, नेटवाड करत सांक्रीला संध्याकाळी पोचतो. तिथून 'तालुका' नावाचं गाव ११-१२ किलोमीटर, आणि त्याला रस्ता म्हणायला गढवाली माणसाचं काळीज लागतं. देवदारांच्या जंगलातून जातो, एका बाजूला नदीची दरी, आणि डोंगरावरून येणारे झरे पूल वगैरे भानगड न करता सरळ रस्त्यावरून वाहतात. बोलेरोच्या टपावर सॅका आणि सॅकांवर दोन माणसं. आमच्यातल्या एका काकूंनी पूर्ण प्रवासात डोळे उघडले नाहीत, रामरक्षा चालू होती, आणि ड्रायव्हर पोरगा विसेक वर्षांचा, तो त्यांना आरशातून बघून म्हणतोय 'माताजी, ये तो अच्छा वाला हिस्सा है.'

एका ठिकाणी दरड पडून रस्ता तुटलेला. खाली उतरायचं, सामान डोक्यावर, मातीच्या ढिगावरून पलीकडं जायचं, तिथं दुसरी गाडी उभी. त्यांची पद्धतच आहे ती. तालुक्याला तेव्हा रस्ता संपायचा तिथं खेचरांची रांग, वरच्या गावांतली सफरचंदं आणि राजमा घेऊन उतरलेली. आपण मजेसाठी वर चाललोय आणि त्यांचा तोच बाजाराचा रस्ता.

सिएटलची_सून

आमच्याकडं अमेरिकेत उलटी तऱ्हा. कॅस्केड पासच्या खिंडीला जाताना मार्बलमाउंट हे शेवटचं गाव, तिथून कॅस्केड रिव्हर रोड सुमारे ३७ किलोमीटर, बराचसा खडीचा, खड्डे आपल्या घाटातल्यासारखेच. बर्फ वितळेपर्यंत वरचा भाग बंदच असतो, कधी कधी जुलै उजाडतो. पण रस्ता संपतो तिथं गाव नाही! पार्किंग, नकाशाचा बोर्ड, एक संडास (त्यात चक्क कागद असतो). बस्स. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा गाडीतून उतरून म्हणाल्या, 'अगं, माणसं कुठायत इथली? वाट कोणाला विचारायची?' समोर जोहान्सबर्ग नावाचा डोंगर आहे, त्याच्यावरून बर्फाचे तुकडे कोसळतात, पार्किंगमध्ये गडगडाट ऐकू येतो. सासूबाईंनी आकाशाकडं बघून छत्री काढली. आम्ही तिथंच बॉनेटवर दशम्या-चटणी खाल्ली आणि मग चढायला लागलो. अटीप्रमाणे थांबते.

नवा_भिडू

भारी धागा. सह्यवारा, एक विचारायचं होतं, डिसेंबरमध्ये मोहरीला जायचंय, अल्टो आहे, चौघेजण. जाईल का? की वेल्ह्यातनं गाडी करू?

सह्यवारा

अल्टो सिंगापूरपर्यंत गेलेली बघितलीय मी, पण तिच्यात एकटा ड्रायव्हर होता आणि बाकीचे मागून चालत. चौघं आणि सॅका घेऊन एकलचा चढ अवघड आहे. वेल्ह्यात स्टँडपाशी चहाच्या टपरीवर विचारा, ट्रॅक्स किंवा पिकअप मिळते, परतीचं आधीच ठरवा कारण वरून फोन लागत नाही. आणि मोहरीत जेवण सांगणार असाल तर किराणा वेल्ह्यातनंच घेऊन जा, तेल आणि तांदूळ तरी, तिथं दुकान नाही.

नवा_भिडू

डन. पिकअपच करतो. कोणाला जॉईन व्हायचं असेल तर सांगा, दोन जागा आहेत, मागं उभं राहायची तयारी पाहिजे.